असं अक्षर काढू नये

माझा कोपर लागला आणि हेल्मेट टेबलावरून पडून फुटलं. झालं ते एवढंच. टेबल म्हणजे आमच्या क्लाइंबिंग हॉलच्या दाराशी असलेलं माझं टेबल, जेमतेम कमरेएवढं उंच. खाली साधी फरशी. डोक्यावर दगड पडला तरी डोकं शाबूत राहावं म्हणून जी वस्तू बनवतात, ती चहाच्या कपासारखी पडली आणि पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत तिला सरळ चीर गेली. हेल्मेटवर निळ्या-पिवळ्या रंगात, अक्षरांना छान सावली वगैरे देऊन, 'घाबरट' असं लिहिलेलं होतं. चीर 'ब'च्या पोटातून गेली होती.

घाबरट म्हणजे मी. भिंती चढायला शिकवणाऱ्या हॉलमध्ये मी नोकरी करते आणि खुर्चीवर उभं राहून बल्ब बदलायचा म्हटलं तरी माझे पाय लटपटतात. माझं काम वेळापत्रक लावायचं, किल्ल्या सांभाळायच्या आणि पोरांच्या आयांना "काही होत नाही हो" असं हसून सांगायचं. ते हेल्मेट मला चिडवायला म्हणून माझ्या मावशीनं रंगवलं होतं. तसंच एकेक हेल्मेट तिनं आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोरासाठी रंगवलं होतं. ती सगळी हेल्मेटं त्या घडीला पोरांच्या डोक्यावर होती, आणि पोरं गावाबाहेरच्या खऱ्याखुऱ्या कड्यावर गेली होती.

मावशी मोरीपाशी ब्रश धूत होती. आवाज ऐकून तिनं मागे पाहिलं.

"फोडलंस ना? वेंधळी ती वेंधळीच!"

"मावशी, हे फुटायला नको होतं गं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

पुढचं सांगण्याआधी मावशी कोण, हे सांगायला हवं. नाहीतर कुणालाही वाटेल की ही कुणी निष्काळजी, हौशी बाई असेल. निष्काळजी? मावशी एका अक्षराच्या कान्यासाठी अख्खी पाटी पुसणारी बाई आहे.

आजोबा पाट्या रंगवायचे. त्यांना दोन मुली. थोरली, म्हणजे माझी आई, हिशोबात हुशार निघाली आणि ऑफिसात लागली. धाकटी शाळेतून आली की दप्तर फेकून आजोबांच्या घोड्यावर चढायची. घोडा म्हणजे पेंटरची दुहेरी शिडी, खऱ्या घोड्याएवढीच लहरी. आजोबांनी तिला पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला. गिऱ्हाइकानं लिहून दिलेला कागद समोर उलटा लावायचा. मजकूर वाचायचा नाही, अक्षर बघायचं. वाचायला लागलं की मन पुढच्या शब्दावर पळतं, हात त्याच्यामागे धावतो आणि ओळीच्या शेवटी अक्षरं बसमधल्या माणसांसारखी चेंगरतात. मावशीनं हा नियम इतका अंगी बाणवला की आपण काय रंगवलं हे तिला पाटी खाली उतरली तरी ठाऊक नसायचं. ज्या लिपीतलं एक अक्षर तिला वाचता येत नाही, तिच्यातही तिनं दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि मालकांनी त्या बघून तिला जेवायला घातलं.

एकदा या नियमापायी फजिती झाली होती. दोन गिऱ्हाइकांच्या कागदांची अदलाबदल झाली आणि दातांच्या डॉक्टरच्या दारावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी देखणी पाटी लागली. शेजारच्या बंगल्याच्या फाटकावर 'दात न दुखता काढून मिळतील' असं झळकलं, आणि आत तो कुत्रा! अख्खा रस्ता पोट धरून हसला. मावशी मात्र फाटकासमोर उभी राहून म्हणाली, "ते सगळं राहू दे. 'ढ' कसा बसलाय ते बघा." 'काढून'मधला 'ढ' खरोखरच देखणा होता. पण पाटीवर काय लिहिलंय, ते तिनं तोवरही वाचलं नव्हतं.

आम्ही हा किस्सा घरी इतक्या वेळा सांगितलाय की त्याच्या कडा झिजल्यात. त्यात भिण्यासारखं काही आहे हे आमच्यातल्या एकालाही कधी सुचलं नाही.

तिचं लग्न झालं होतं. नवऱ्याला रंगाचा वास सहन होईना. वास राहिला, नवरा गेला. मावशी आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला आली आणि आमच्या घरालाच रंगाचा वास लागला. बाकीचे पेंटर पाटीच्या कोपऱ्यात आपली सही करतात, फोन नंबर टाकतात. मावशीनं कधी सही केली नाही. "अक्षर माझं, पाटी मालकाची," एवढंच म्हणायची. मग छापील फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवून घ्यायला कुणी येईना. मावशी घरात बसून मिठाच्या बरणीवर मीठ आणि साखरेच्या डब्यावर साखर असं लिहायला लागली. असं सोन्यासारखं अक्षर बरणीवर बघून आईला रडू यायचं आणि मला राग यायचा. राग कुणाचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी हॉलमध्ये लागले तेव्हा तिथली भिंत बघून मला वाटलं, निदान चढायच्या वाटांना घालायचे आकडे तरी हिच्याकडून काढून घेऊ. जुन्या गोदामाची ती भिंत, छतापर्यंत उंच. तिच्यावर हातापायांनी धरायला रंगीत पकडी बसवलेल्या आणि वरून दोर सोडलेले. मावशी आली, मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिली आणि हॉलच्या सरांना म्हणाली, "तुमच्या पकडी विखुरल्यात हो. यांना वळणच नाही."

सर म्हणजे पोरांना चढायला शिकवणारे. बोलायला मोजके, दाढी विस्कटलेली. ते म्हणाले, "मग तुम्ही लावा वळण."

आणि या बाईनं साठीला टेकलेल्या वयात कमरेला हार्नेसचा पट्टा बांधला, दोरावर लोंबकळली आणि भिंतीवर अक्षरं काढली. माणसाच्या चौपट उंच अक्षरं! मी खाली टेबल धरून उभी होते. माझी दातखीळ बसली होती, नाहीतर मी किंचाळले असते. वरून ती मलाच ओरडली, "अगं, डोळे उघड! रंग वाळेल तोवर."

मग सरांनी सगळ्या पकडी काढून त्या अक्षरांच्या रेषांवर बसवल्या. 'क' चढायचा तर जसा लिहितो तसाच चढायचा. आधी दांडा, मग एका बाजूचं पोट, मग दुसरीकडचा वळसा, आणि सगळ्यात शेवटी वरची आडवी रेघ, हातांवर लोंबकळत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती रेघ भल्याभल्यांना रडवायची. पोरं आली की आधी जमिनीवर बसून ब्रशनं अक्षर गिरवायची, मग तेच अक्षर अंगानं चढायची. मावशी सगळ्यांना एकच सांगायची: "ब्रश असो नाहीतर पकड, आवळू नका. आवळलं की थरथरतं." आणि खरोखर, ब्रश हलका धरणारी पोरं भिंतीवरही टिकायची. सर एकदा मला म्हणाले की मी इतकी वर्षं हेच सांगत होतो, पण माझं कुणी ऐकत नव्हतं.

पोरांमध्ये एक मुलगी होती, शिवणकाम करणाऱ्या बाईंची. तिला सगळे खार म्हणायचे. काटकुळी, तुरुतुरु, समोरचे दोन दात मोठे. अक्षरात आणि चढण्यात दोन्हीकडे पहिली. मावशी माझ्यावर कधी केली नाही इतकी माया तिच्यावर करायची आणि माया म्हणजे ओरडायची. "खारे, वेलांटीला घाई करू नकोस!" हे वाक्य हॉलच्या भिंतींना पाठ झालं होतं. बरण्यांच्या दिवसांतली मावशी मी पाहिलेली, त्यामुळे तिला असं ओरडताना बघून मला फार बरं वाटायचं.

कड्यावर जायचं ठरलं तेव्हा कुणीतरी हॉलला नवी कोरी हेल्मेटं भेट दिली. सगळी पांढरीशुभ्र, सगळी सारखी. "मी नावं घालते," मावशी म्हणाली आणि खोका घरी घेऊन गेली. सर तो आठवडाभर कड्यावर खिळे आणि दोर तपासायला गेले होते. मावशीनं प्रत्येक हेल्मेट थिनरनं लख्ख पुसलं, कारण तेलकट पृष्ठभागावर रंग धरत नाही. आत-बाहेर चिकटवलेली लेबलं पात्यानं खरवडून काढली. मग प्रत्येकाच्या नावाला वेगळं वळण, वेगळा रंग. एकाला फटाफट उडणाऱ्या रेषा, एकीला गोल गरगरीत पोटं. खारीच्या नावातून लाल शेपूट निघून हेल्मेटला वळसा घालत होती.

पोरं हरखून गेली. कड्यावर निघायच्या सकाळी सर गाडीपाशी आले तेव्हा पोरांनी हेल्मेटं चढवलेलीच होती. सर एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले आणि हसत गेले. मीही हसत होते. गाडी गेली, मी टेबलाशी आले आणि थोड्या वेळानं माझा कोपर लागला.

आता पुन्हा त्या फुटक्या हेल्मेटपाशी येते. कंपनीला फोन करावा म्हणून मी ते उलटसुलट केलं. आत काहीच नव्हतं.

"मावशी, याचं लेबल कुठंय?"

"काढलं की मी. सगळ्यांचीच काढली. काय गिचमिड छपाई होती! अशा वस्तूवर असलं अक्षर शोभतं का?"

"काय लिहिलं होतं त्यावर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. हातातल्या ब्रशचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं.

"मी कुठे वाचलं?" ती म्हणाली.

आणि मग आम्ही दोघींनी एकदमच मान वळवली. आमच्या हॉलमध्ये एक फळा आहे. त्यावर मावशी पोरांना चांगल्या-वाईट अक्षरांचे नमुने लावून दाखवते. एका बाजूला 'असं अक्षर काढावं', दुसऱ्या बाजूला 'असं अक्षर काढू नये'. दुसऱ्या बाजूला त्या आठवड्यात तिनं हेल्मेटचं एक लेबल चिकटवलं होतं. दाटीवाटीनं छापलेलं, ओळींना श्वास घ्यायला जागा नाही, मात्रा एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या. पोरं ते बघून आठवडाभर खिदळली होती. कुणी म्हणालं मुंग्यांची वरात, कुणी म्हणालं शिंक आल्यावर लिहिलंय. मीसुद्धा फळ्यासमोर उभी राहून चहा प्यायले होते.

मी जवळ गेले आणि वाचलं. 'कवचावर रंग, थिनर, पेट्रोल अथवा कोणतेही द्रावण लावू नये. कवच ठिसूळ होते व आघातात फुटून जिवास धोका होऊ शकतो. हे लेबल काढू नये.'

आठवडाभर! ज्या भिंतीकडे तोंड करून आम्ही सगळे उभे राहायचो, तिच्यावर हे टांगलेलं होतं आणि आम्ही त्याच्या मात्रांना हसत होतो. मला कुणी शंभर वेळा सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता की इतक्या डोळ्यांदेखत असं होऊ शकतं. मला आजही ते खरं वाटत नाही.

मावशीनं वाचलं. ओठ हलवत, एकेक शब्द, लहान मुलासारखं. मग ती म्हणाली, "स्कूटर काढ."

कड्यावर फोन लागत नाही. मी तरीही लावत राहिले, मग मावशीनं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "तू रस्ता बघ." त्या रस्त्यातलं मला फारसं आठवत नाही. मावशीचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते आणि तिनं खांदे इतके आवळले होते की नंतर तिथे काळेनिळे डाग पडले. जन्मभर 'आवळू नका' सांगणारी बाई! एका वळणावर ती म्हणाली, "खार पहिली चढणार. ती दुसऱ्या कुणाला पुढे जाऊच देत नाही." मी स्कूटरचा वेग वाढवला.

आम्ही पोचलो तेव्हा कड्यावर कुणीच नव्हतं. सगळे खाली गोल करून बसले होते आणि मधोमध खार. तिच्या कपाळावर पांढरी पट्टी होती, पट्टीच्या कडेनं लाल झालेलं, आणि मांडीवर हेल्मेटचे दोन तुकडे. मावशी स्कूटरवरून उतरली ती तिथेच उभी राहिली.

खारीनंच तिला पाहिलं. "पेंटरमावशी!" ती ओरडली. चेहरा घाबरलेला आणि फुशारलेला, दोन्ही एकदम. "वरून दगड आला! असा, लिंबाएवढा! थेट डोक्यात! आणि बघा, हेल्मेट फुटलं पण मला काही नाही झालं!"

सर पुढे आले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "थोडं खरचटलंय. टाका पडेल एखाद-दुसरा," ते म्हणाले आणि त्यांनी चक्क मावशीचे दोन्ही हात हातात घेतले. "मावशी, तुमच्या हेल्मेटांमुळे पोर बचावली. मी सगळ्यांना तेच सांगत होतो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. अक्षरशः टाळ्या! मावशीला बघून, मनापासून. कुणीतरी म्हणालं, "पेंटरमावशी झिंदाबाद!" मी आयुष्यात कधी इतकी हादरले नव्हते. समोरच्या त्या फुटक्या हेल्मेटला बघून सगळे टाळ्या वाजवत होते आणि ते का फुटलं हे तिथे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. आणि मी कबूल करते, त्या क्षणी माझ्या मनात आलं, की हिनं आता गप्प बसावं. पोर धडधाकट आहे. हेल्मेटं काहीतरी निमित्त करून गोळा करू, फेकून देऊ. कुणाला काय कळतंय? नाहीतर ही पुन्हा गच्चीवरच्या खोलीत जाईल, पुन्हा बरण्या रंगवेल. मी तिच्या पदराला हळूच ओढ दिली.

मावशीनं पदर सोडवून घेतला.

"सर, हेल्मेट लिंबाएवढ्या दगडानं फुटतं का?" तिनं विचारलं.

सर बोलायला गेले आणि थांबले. इतका वेळ त्या धक्क्यात हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

मावशीनं शेजारच्या मुलाच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं. त्याच्यावर हिरव्या उडत्या अक्षरांत त्याचं नाव होतं. तिनं ते कमरेपर्यंत उचललं आणि खडकावर सोडून दिलं. ते उभं फुटलं. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. तिनं दुसरं घेतलं आणि सोडलं. ते फुटलं नाही, नुसतं टणटण उड्या मारत गवतात गेलं, आणि ते बघून मला जास्त धडकी भरली, कारण कुठलं फुटेल आणि कुठलं नाही हे नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"हे मी केलंय," मावशी म्हणाली. "मी थिनरनं पुसलं, मी रंग लावला. तसं करू नका असं लेबलावर लिहिलं होतं. ते मी खरवडून काढलं. वाचलंसुद्धा नाही. खारे, तुझ्या डोक्याला लागलं ते माझ्यामुळे. दगड बारीक होता आणि डोक्याला घासून निसटला म्हणून तू इथे बसलीयस. त्यात माझी काही करामत नाही."

पोरांनी आपापली हेल्मेटं काढली आणि हातात घेऊन बघत राहिली. सर गाडीच्या चाकापाशी मटकन बसले. "मीही विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "मी नावं वाचत बसलो." खार आपले दोन तुकडे जुळवून बघत होती. तिच्या नावाची शेपूट एका तुकड्यावर राहिली होती. मग तिनं तुकडे खाली ठेवले आणि तोंड फिरवलं, आणि परतीच्या वाटेवर ती मावशीशी एक शब्द बोलली नाही.

खारीला सरांजवळ ठेवून मावशी दवाखान्यातून एकटी तिच्या घरी गेली. मी येते म्हटलं तर हातानंच नको म्हणाली. पण मी मागोमाग गेलेच आणि दाराबाहेर उभी राहिले. आत शिलाई मशीन चालू होती, ती थांबली. मावशीनं सगळं सांगितलं, काही न वगळता. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. मी तर मनातल्या मनात त्याची वाट बघत होते, म्हणजे निदान काहीतरी होऊन संपलं असतं.

खारीची आई म्हणाली, "तुमचं अक्षर फार सुंदर आहे हो. मी शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवलं होतं ते हेल्मेट." आणि थोड्या वेळानं, "आता मी तिला तिकडे पाठवणार नाही."

"बरोबर आहे," मावशी म्हणाली.

मशीन पुन्हा सुरू झाली.

रंगवलेली हेल्मेटं सरांनी करवतीनं कापून टाकली. हॉल काही दिवस बंद राहिला, मग नवी हेल्मेटं आली, पांढरी, आत लेबल असलेली. मावशी गच्चीवरून खाली आली नाही. आई तिला जेवायला हाका मारायची. मी एकदा वर गेले तर ती मिठाचा पुडा हातात घेऊन त्याच्या मागचा बारीक मजकूर वाचत बसलेली. वजन, पत्ता, तक्रार कुठे करावी, सगळं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "किती लिहितात गं लोक. आणि मी इतकी वर्षं नुसती वळणं बघितली." मी तिच्याशी भांडायला गेले होते, खाली चल म्हणून ओरडणार होते. पण मी तशीच जिना उतरले.

एका सकाळी मी हॉल उघडायला गेले तर ती दारात उभी. घोडा आणलेला, डबे आणलेले. सरांना म्हणाली, "मला आतली दाराशेजारची भिंत द्या." सरांनी मान डोलावली. ते कधी जास्त बोलत नाहीत.

तिनं फळ्यावरचं ते लेबल काढलं आणि भिंतीवर सुलट चिकटवलं. उलटं नव्हे, सुलट. खडूचा दोरा मारून ओळी आखल्या आणि त्या गिचमिड छपाईतला एकेक शब्द आपल्या हातानं मोठा करत गेली. कवचावर. रंग. थिनर. प्रत्येक शब्द आधी मोठ्यानं म्हणायची आणि मगच ब्रश टेकवायची. आणि तिच्या वडिलांनी सांगितलेलं खरं ठरलं. वाचता वाचता हात पळायला लागला, ओळीच्या शेवटी अक्षरं चेंगरली, 'ठिसूळ'चा 'ळ' कोपऱ्यात दबून बसला. मावशीची चेंगरलेली ओळ मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं आता पुसेल. तिनं पुसलं नाही. शेवटी खाली एक ओळ स्वतःची घातली: 'हे मी न वाचता काढून टाकलं होतं.' आणि तिच्याखाली, कोपऱ्यात, सही केली. आमच्या गावात जिच्या पाट्यांना गणती नाही, तिची ती पहिली सही.

पोरं आली. सरांनी नियम केला की दोर बांधण्याआधी ही भिंत मोठ्यानं वाचायची. हळूहळू सगळी परतली. खार आली नाही. मावशी ब्रश शिकवायची पण पहिल्यासारखं ओरडायची नाही, आणि दर थोड्या वेळानं दाराकडे बघायची. मी ते बघायची आणि वेळापत्रकात डोकं खुपसायची.

एक दिवस दारात खारीची आई उभी राहिली. खांद्यावर शिवणाची पिशवी, हाताला धरलेली पोर. खारीच्या कपाळावर बारीकशी गुलाबी रेघ होती. मावशी उठून उभी राहिली, हातातला ब्रश तसाच.

आई कुणाशी काही बोलली नाही. तिनं भिंत वाचली, पहिल्या शब्दापासून. शेवटच्या ओळीपाशी थांबली. सही बघितली, मग मावशीकडे बघितलं. मग खुंटीवरचं एक पांढरं हेल्मेट काढलं, उलटं केलं, खिडकीपाशी उजेडात नेलं आणि आतलं लेबल वाचलं. डोळे बारीक करून, बोट फिरवत, सगळं. मग तिनं ते हेल्मेट पोरीच्या डोक्यावर ठेवलं, हनुवटीखाली पट्टा बांधला आणि सुई ओवल्यावर गाठ ओढून बघावी तसा ओढून बघितला.

"दोर कोण धरतं?" तिनं विचारलं.

"मी," सर म्हणाले.

"बरं." मग ती मावशीकडे वळली. तिचा आवाज कापत होता, रागानं की कशानं ते मला कळलं नाही. "तुम्ही खाली उभ्या राहा. तिच्या बरोबर खाली. ती वर जाऊन परत येईपर्यंत नजर हलवायची नाही."

मावशीनं ब्रश माझ्या हातात दिला आणि जाऊन उभी राहिली. खार 'क'च्या दांड्यावर चढली, पोटाला वळसा घातला आणि वरच्या आडव्या रेघेला लोंबकळून थांबली. तिथून तिनं खाली बघितलं. "मावशी, आहात ना?" एवढंच तिनं विचारलं.

"आहे," मावशी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिनं ते पुसायला हात वर केला नाही.